आमचे अण्णा : प्रयोगशाळेतले आणि घरातले

(गणेशोत्सवातील स्मृतिसंध्येत केलेले भाषण)



अण्णांवर मी बोलावे असा मंडळाचा आग्रह होता. खरे तर त्यांच्याबद्दल बोलायला माझ्यापेक्षा जास्त अधिकार असलेली माणसे समोर बसली आहेत. कोणी त्यांच्या हाताखाली काम शिकले, कोणी त्यांच्याबरोबर मंडळाच्या पावत्या फाडल्या. मी त्यांची सून. सासऱ्यांवर सुनेने बोलायचे म्हणजे सगळ्यांचे कान टवकारणारच! पण माणूस घरात कसा होता हे सुनेइतके कोणाला कळणार? म्हणून धीर करून उभी राहिले आहे.

आपली रांझी म्हणजे कारखान्यांच्या भोंग्यावर जागी होणारी वस्ती. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेली खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि १९६९ सालची व्हीकल फॅक्टरी, या सगळ्यांच्या आधाराने ही वस्ती वाढली. बंगाली, पंजाबी, मल्याळी, बिहारी, तेलुगु अशी सगळ्या देशाची माणसे इथे आली. आपण मराठी मंडळीही त्यातलीच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते, त्यामुळे नोकरीसाठी इकडे येणे आपल्या लोकांना परक्या मुलखात जाण्यासारखे वाटत नसे. अण्णांचे वडील तसेच आले आणि इथलेच झाले. अण्णांचे शिक्षण इथे, नोकरी इथे आणि शेवटचा निरोपही ग्वारीघाटावर नर्मदामाईच्या काठी.

अण्णा सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागले आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. रांझीत त्यांना कोणी ‘पॅथॉलॉजीवाले बाबूजी’ म्हणत, कोणी ‘खूनवाले बाबूजी’. माझ्या माहेरच्या एका मावशींनी हे दुसरे नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्या चांगल्याच दचकल्या होत्या!

डॉक्टरांना लोक हात जोडतात, नर्सबाईंना दुवा देतात. प्रयोगशाळेतल्या माणसाचा चेहरा मात्र रोग्याला सहसा दिसत नाही. बोटाला सुई टोचली, काचेवर थेंब घेतला की संबंध संपला. संध्याकाळी एक चिठ्ठी येते आणि त्या चिठ्ठीवर पुढचे औषध ठरते. ती चिठ्ठी खरी असावी म्हणून आत कोण किती वेळ मान मोडून बसले होते, हे कोणाला ठाऊक नसते. अण्णांना त्याचे कधी वाईट वाटले नाही. ते म्हणायचे, “चिठ्ठीवर आपलं नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पेशंटचं नाव चुकता कामा नये.”

त्यांच्या तेराव्याला त्यांच्या हाताखाली तयार झालेले दोघे तंत्रज्ञ आले होते. दोघेही आता स्वतः निवृत्तीला आलेले. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला इथे सांगितलीच पाहिजे.

कुंडमच्या बाजूच्या एका खेड्यातून एक बाई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मुलाला दिवसाआड ताप. दोन ठिकाणी रक्त तपासून झाले होते आणि दोन्हीकडे ‘मलेरिया नाही’ असे लिहून मिळाले होते. अण्णांच्या प्रयोगशाळेतही नव्या मुलाने काच पाहिली आणि ‘नाही’ लिहिण्यासाठी पेन उचलले. अण्णांनी विचारले, “किती फील्ड पाहिल्या?” तो म्हणाला, “तीस-चाळीस.” अण्णांनी त्याला उठवले नाही, रागावलेही नाहीत. स्वतः शेजारच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, “पुढच्या आपण मिळून पाहू.”

इथे थोडे समजावून सांगते, कारण हे मला अण्णांनीच जेवणाच्या टेबलावर वाटी-चमचे मांडून शिकवले होते. मलेरिया शोधण्यासाठी काचेवर रक्ताचा जाड थेंब आणि पातळ थर असे दोन्ही घेतात, रंग देतात आणि तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एका वेळी भिंगातून जेवढा गोल दिसतो, ती एक फील्ड. रंग नीट बसला असेल तर मलेरियाचा जंतू निळसर अंगठीसारखा दिसतो आणि अंगठीत खडा बसवावा तसा त्याला लाल ठिपका असतो. जंतू दिसला की काम झाले, ‘आहे’ लिहायचे. पण दिसला नाही तर? जाड थेंबाच्या निदान शंभर फील्ड पाहिल्याशिवाय ‘नाही’ लिहायचे नाही, असा नियम आहे. क्षयाच्या थुंकीच्या तपासणीतही तोच शंभरचा नियम.

त्या दिवशी सत्तरीच्या पुढे कुठेतरी ती अंगठी सापडली. मुलाला औषध मिळाले आणि तो बरा झाला. अण्णा त्या नव्या मुलाला एवढेच म्हणाले, “‘आहे’ म्हणायला एक जागा पुरते रे. ‘नाही’ म्हणायला शंभर ठिकाणी जावं लागतं.”

मंडळी, मला वाटते अण्णांचा सगळा स्वभाव या एका वाक्यात आहे. हा नियम त्यांनी प्रयोगशाळेतून घरी आणला होता. मुलांपैकी कोणी शाळेतून तक्रार आणली, शेजारी कोणाचे कोणाशी वाजले, मंडळाच्या हिशेबात पन्नास रुपये कमी पडले, तर अण्णा लगेच निकाल देत नसत. “तो वाईटच आहे, त्याच्यात काही चांगलं नाही” असे घरात कोणी बोलले की चष्म्यावरून बघत विचारायचे, “किती फील्ड पाहिल्या?” आमच्या घरात हा वाक्प्रचारच होऊन गेला. माझी मुले आजही एकमेकांना तेच विचारतात.

खरेपणाच्या बाबतीत मात्र ते फार कडक होते. एकदा एक चांगल्या ओळखीचे गृहस्थ मिठाईचा डबा घेऊन घरी आले. मुलाच्या नोकरीची वैद्यकीय तपासणी होती आणि लघवीत साखर निघाली होती. “एवढं ‘नाही’ लिहून द्या, पोराचं आयुष्य उभं राहील.” अण्णांनी त्यांना बसवले, चहा दिला आणि म्हणाले, “भाईसाहब, कागज बदल दूँगा, लेकिन खून तो नहीं बदलेगा ना?” त्याच आठवड्यात ते त्या मुलाला स्वतः सोबत घेऊन डॉक्टरांकडे गेले. मिठाईचा डबा परत गेला, पण ओळख तुटली नाही. तो मुलगा आज पन्नाशीचा आहे, पथ्यपाण्याने राहतो आणि तेराव्याच्या पंगतीत वाढायला तोच सर्वात पुढे होता.

आता घरातल्या अण्णांकडे वळते. आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असायची. लोणचे केव्हा घातले, बरणी केव्हा उघडली, तारखेसकट! रसायनांच्या बाटल्यांवर लिहायची सवय घरातही सुटली नाही. सासूबाई म्हणायच्या, “यांचं चाललं तर हे माझ्यावरपण तारीख लिहून ठेवतील.” बाहेरून आले की कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मगच नातवंडांना उचलून घ्यायचे. उकडीचे मोदक मोजायचे काम त्यांच्याकडे. एकवीस म्हणजे एकवीस, आणि ते दोनदा मोजणार. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागल्यापासून सकाळचा पहिला चहा अण्णांनीच केला. त्याबद्दल त्यांनी कधी उपकाराची भाषा केली नाही, आणि मित्रांनी थट्टा केली तरी सोडला नाही.

माझी आणि त्यांची पहिली गाठ पडली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, नागपूरला माझ्या माहेरी. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होता. आमच्या बाबांनी पत्रिका पुढे केली. अण्णांनी ती कपाळाला लावून बाजूला ठेवली आणि विचारले, “हिचा रक्तगट काय? आणि सिकलची तपासणी झाली आहे का?” आमच्याकडची मंडळी गारच पडली! मग त्यांनी शांतपणे सांगितले की विदर्भात आणि आमच्या महाकोशलातही सिकलसेलचा आजार पुष्कळ आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहक माणूस दिसायला अगदी ठणठणीत असतो. “आधी माझ्या मुलाचा रिपोर्ट बघा,” असे म्हणून त्यांनी खिशातून कागद काढून बाबांच्या हातात दिला. मुलाकडच्यांनी स्वतःचा कागद आधी दाखवावा, हे आमच्या घरात कोणी पाहिले नव्हते.

१ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात, शहडोलला, सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. लग्नाआधी तपासणी करा असे आता सरकारच सांगते. टीव्हीवर ती बातमी पाहताना अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते मी विसरणार नाही.

माझी सिकलची तपासणी ठीक निघाली, पण रक्तगट निघाला बी निगेटिव्ह. आपल्याकडे शंभरात साधारण पाच जणच निगेटिव्ह असतात. आमचे हे पॉझिटिव्ह. नात्यातले एक वडीलधारे म्हणाले, “कशाला विषाची परीक्षा? दुसरी मुलगी पाहू.” अण्णा म्हणाले, “निगेटिव्ह म्हणजे दोष नाही. फक्त काळजी घ्यायची, आणि ती मी घेईन.”

ती काळजी त्यांनी कशी घेतली ते ऐका. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणात बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते आणि आईचे शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करू लागते. पहिल्या बाळाला सहसा धोका नसतो, पुढच्या बाळाला असतो. त्यासाठी बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत अँटी-डी नावाचे इंजेक्शन द्यावे लागते. त्या काळी ते महागही होते आणि दुकानात सहज मिळतही नसे. माझ्या दिवसांत अण्णांनी ते आधीच शोधून ठेवले आणि बर्फाच्या थर्मासमधून स्वतः सायकलवर आणले. बाळंतपणात मला रक्तस्राव फार झाला आणि रात्री अकरा वाजता बी निगेटिव्ह रक्त हवे झाले. व्हीकल फॅक्टरीतले एक केरळी गृहस्थ दुपारची पाळी संपवून नुकतेच घरी परतले होते. अण्णांनी दार वाजवले, आणि ते जेवणाच्या ताटावरून उठायला लागले. “पहिले खाना खाइए, खाली पेट नहीं लूँगा,” असे म्हणून अण्णा त्यांच्या दारात थांबून राहिले. घरी सून अत्यवस्थ असतानासुद्धा रक्त देणाऱ्याचे जेवण त्यांनी आधी होऊ दिले! त्या रात्रीमुळे मी आज इथे उभी आहे. माझा दुसरा मुलगाही सुखरूप जन्मला, तो त्या बर्फाच्या थर्मासमुळे.

आणि ते केरळी गृहस्थ अण्णांना आठवले ते एका वहीमुळे. हीच ती वही, मी आज सोबत आणली आहे.

अण्णांनी नोकरी सुरू केली तेव्हा रक्त विकणारी माणसे रुग्णालयांच्या बाहेर बसलेली असत. गरजेपोटी, व्यसनापोटी रक्त विकायचे. ते रक्त घेणाऱ्यालाही धोक्याचे आणि देणाऱ्यालाही. अण्णांना ते बघवत नसे. म्हणून त्यांनी ही वही सुरू केली. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक इच्छुकाचे नाव, गट, घरचा पत्ता आणि शेवटचे रक्त कधी दिले ती तारीख पेन्सिलीने. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची खरेदी-विक्री बंद झाली. त्याच्या कितीतरी आधी रांझीत ही वही होती. या वहीत जातीचा, धर्माचा, भाषेचा रकाना नाही.

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला, तो इथल्या थोरामोठ्यांना आठवत असेल. आम्ही सगळे मैदानात जाऊन बसलो. अण्णांनी घरातली आणि शेजारची माणसे मोजली, सवयीप्रमाणे दोनदा. सगळी आहेत याची खात्री झाल्यावर वही काखेत मारून सायकलवर निघाले. सासूबाई म्हणाल्या, “अहो, भिंतींना तडे गेलेत, आज तरी थांबा.” तेव्हा ते म्हणाले, “आपली माणसं मोजून झाली. आता ज्यांची मोजायची राहिली त्यांच्याकडे जातो.” रात्री उशिरा परतले.

अण्णा आपल्या मंडपात एकदा मुंबई रक्तगटाबद्दल बोलले होते, ते काहींना आठवेल. १९५२ साली मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त सापडले की जे कोणत्याच नेहमीच्या गटाशी जुळेना. ‘ओ’ गटाचे रक्तही त्या माणसांना चालत नाही. साध्या तपासणीत मात्र ते ‘ओ’ म्हणूनच दिसतात. म्हणून फक्त तांबड्या पेशी तपासून थांबायचे नाही, सीरम घेऊन उलट बाजूनेही ताडून बघायचे. अण्णांना त्या शोधाचा फार अभिमान होता. “एका माणसाचं जुळत नाही म्हणून त्यांनी ते सोडून दिलं नाही,” असे ते म्हणायचे.

निवृत्तीनंतर आमची ओसरी म्हणजे दुसरी प्रयोगशाळा झाली. डेंग्यूच्या दिवसांत लोक घाबरून रिपोर्ट घेऊन यायचे. अण्णा आधीच सांगायचे, “मी डॉक्टर नाही. औषध डॉक्टरांनाच विचारा.” पण प्लेटलेट एकदम कमी दिसल्या आणि माणूस धडधाकट दिसला, तर काच करून डोळ्यांनी बघायला सांगा म्हणायचे. कधीकधी नळीतल्या रक्तात प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्यांना कमी मोजते. यंत्रांचा त्यांना राग नव्हता. यंत्र आले म्हणून बघायचे सोडू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

शेवटच्या आजारपणात त्यांचे रक्त घ्यायला एक तरुण मुलगी यायची. हात थरथरत असतानाही ते तिला म्हणायचे, “बेटी, पहले नाम पूछो, फिर सुई लगाओ.” मग ती विचारायची आणि ते आपले पूर्ण नाव सांगायचे. ती रोज यायची तरी हे रोज व्हायचे. गेल्या वर्षी ते गेले तेव्हा ती मुलगी आमच्या दारात उभी राहून रडत होती.

मंडळी, आता या वहीबद्दल शेवटचे सांगते. रक्तदानाला पासष्ट वर्षांची मर्यादा आहे. ज्यांची पासष्टी झाली त्यांच्या नावावर अण्णा लाल रेघ मारायचे आणि त्यांच्या घरी जाऊन आभार मानून यायचे. निगेटिव्ह गटांच्या पानावर आज लाल रेघ नसलेली चारच नावे उरली आहेत. त्यातले एक माझे. बाकीची मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशात गेली. जावेच लागते, त्यांना दोष नाही. पण ज्या वस्तीत दार वाजवले की माणूस ताटावरून उठत होता, त्या वस्तीत उद्या कोणाचे दार वाजवायचे?

कोणी म्हणेल, आता मोबाईलवर सगळे दिसते. खरे आहे. २०१६ पासून ई-रक्तकोष आहे, कोणत्या रक्तपेढीत काय शिल्लक आहे ते घरबसल्या कळते. ते जरूर बघा. पण रक्ताची पिशवी साधारण पस्तीस दिवसच टिकते. दुर्मीळ गटाचे रक्त साध्या रक्तपेढीत वर्षभर साठवून ठेवता येत नाही. ते माणसांच्या अंगातच साठवायचे आणि ती माणसे कुठे आहेत हे आपल्याला ठाऊक असायला हवे. वही म्हणजे तेवढेच.

म्हणून माझी मंडळाला आणि विशेषतः इथल्या तरुण मुलामुलींना नम्र विनंती आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली असतील, वजन पंचेचाळीस किलोच्या वर असेल, हिमोग्लोबिन साडेबारा असेल आणि प्रकृती चांगली असेल, तर या दहा दिवसांत आपले नाव या वहीत लिहा. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. मुलींनी हिमोग्लोबिन कमी निघाले तर नाराज न होता ते वाढवावे. त्यातच तुमचेही भले आहे. नवी पाने मी आखून ठेवली आहेत. वही आरतीच्या टेबलाजवळ राहील, आणि तारखा पेन्सिलीने भरायचे काम यापुढे मी करीन.

हार-फुले अण्णांच्या तसबिरीला आपण घातलीच आहेत. ही पाने भरली तर त्यांना जास्त आवडेल, एवढे मी त्यांची सून म्हणून खात्रीने सांगू शकते.

 गणपती बाप्पा मोरया!